वहीतली पंधरावी ओळ

१

मार्गशीर्षातले गुरुवार आले की मला दिवस पुरत नाही. पहाटे सडा, मग घट, घटाला वेणी, पाच फळं, पोथी, आरती, संध्याकाळी नैवेद्य आणि मग उपास सोडायचा. बावीस वर्षं झाली, एक गुरुवार चुकलेला नाही. यंदा मात्र घटाशेजारी आणखी एक वस्तू असायची. माझी निळ्या पुठ्ठ्याची वही. काय सांगू, त्या वहीनं मला वीस वर्षांनी लहान केलं होतं!

त्याचं असं झालं. सिन्नरच्या आमच्या वाचनालयात कपाटाच्या तळाशी एक फोटो सापडला. विड्या वळणाऱ्या बायका. आळीतल्या लांब ओट्यावर ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि तेंदूचं पान. मागे पेन्सिलीनं '१९६२' एवढंच. वाचनालयाचं सगळं पुंजाराम सर बघतात, आमच्या संतोषला त्यांनी शाळेत शिकवलेलं. ते म्हणाले, "प्रतिभाताई, पौषात गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन करायचंय. कारखानदारांची नावं आहेत, मुकादमांची आहेत. ज्या बायांच्या बोटांवर हे गाव जेवलं, त्यांचं एकीचं नाव कुणाकडे नाही."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "मी आणते."

फोटोत पंधरा बायका. वहीच्या पहिल्या पानावर पंधरा ओळी आखल्या. नाव मिळालं की लिहायचं, आणि लिहिलं की त्यावर हळदीकुंकवाचं बोट लावून दोन अक्षता ठेवायच्या. बाईचं नाव कोरडं कसं ठेवायचं? नवरा असो नसो, तो फरक मी केव्हाच सोडला आहे. आणि एकदा कुंकवाचं बोट पुढे गेलं की तोंडातून सवयीनं जायचं ते जायचंच, "शेवटच्या गुरुवारी या हं, हळदीकुंकू आहे घरी."

आमचे हे पेपराच्या आडून हसले. "मेलेल्या बायांना आवतण देतेस? सतरंजी मोठी आणू का?"

"तुम्ही काही आणू नका. चहा पिऊन झाल्यावर कप उचललात तरी पुष्कळ."

सून शुभांगीही हसली. सातवा लागला होता तिला. फोटो स्कॅन करणं, मोठा करणं, गावाच्या ग्रुपवर टाकणं, सगळं तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, नुसती बसून राहायची. यंदाचे गुरुवार मी तिच्यासाठी धरले होते. देवीकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

२

फोटोतली एकच बाई आज हयात आहे. कुसाबाई. ऐंशी ओलांडली, पण नजर घारीसारखी.

"ही म्या!" तिनं बोट ठेवलं. "नवी नवरी. हळद उतरली नव्हती तर सासूनं सूप दिलं मांडीवर. ही भामा, लय बोलकी. तोंड आन् कात्री दोन्ही थांबायची नाय. ही यमुना. ही गोदा, हिचं पोर बघ पदराखाली हाय, दिसतं का?"

मला खरंच दिसलं! इतके दिवस मी फोटो बघत होते आणि पदराखालचा तो चिमुकला पाय मला दिसला नव्हता. माझ्या अंगावर रोमांच आले. मी लिहीत गेले. भामा, यमुना, गोदा, ठकू, सखू, अनसूया. एकेका नावासरशी फोटोतली एकेक बाई जणू मान वर करून माझ्याकडे बघत होती. चौदा ओळी भरल्या.

"आणि ही? कडेची?"

ही कडेची मलाही पहिल्यापासून खटकायची. बाकी सगळ्या कॅमेऱ्याकडे बघताहेत, हिची मान खाली. इतकी खाली की नुसता भांग दिसतो. कपाळ दिसत नाही. हात मात्र स्वच्छ आलेत, पान कापणारे.

कुसाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. बोटानं सगळ्या पुन्हा एकदा मोजल्या.

"आमी चवदा व्हतो बसायला," ती म्हणाली. "त्या ओट्यावं चवदाच मावायच्या. पंधरावी बसंल तर पडंल खाली."

"मग ही कोण?"

"ही फोटूतच हाय." तिनं फोटो पालथा घातला. "चा टाकू का तुला?"

माझा उपास होता, तरी मी चहा घेतला. घरी येताना स्वतःची समजूत घालत आले. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, माणूस एखादी विसरणारच. घरी शुभांगीनं कोपरा मोठा करून दाखवला. "आई, गंमत बघा. ओटा इथे संपतो. यांच्या खाली काहीच नाहीये."

"जुना फोटो. कडेला उडाला असेल."

"हो, असेल," ती म्हणाली. लॅपटॉप मिटला.

पंधरावी ओळ रिकामी. ती तशी बघवेना. नाव नाही म्हणून एका बाईला कुंकवावाचून ठेवायचं? मी रिकाम्या ओळीवरच बोट टेकवलं, अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, "कोण असाल त्या, या. नाव तेवढं सांगा."

३

दुसऱ्या दिवशीपासून दुपारी चारच्या सुमाराला आवाज येऊ लागला. कच्, कच्, कच्. मग जरा थांबून पुन्हा कच्. बाहेरच्या खोलीतून.

पहिल्या दिवशी वाटलं, शुभांगी प्रदर्शनाच्या पट्ट्या कापते आहे. जाऊन पाहिलं तर ती आत झोपलेली. दुसऱ्या दिवशी वाटलं, आळीच्या तोंडाशी शिंपी आहे, त्याचा आवाज. पण तो दुपारी दुकान बंद करून जेवायला जातो, हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी मी पंखा बंद केला, कुकर खाली उतरवला आणि उंबऱ्यात उभी राहिले. कात्री कापडावर चालते तो आवाज वेगळा, कागदावर चालते तो वेगळा. हा पानाचा होता. भिजवून ठेवलेल्या पानाचा.

देवघरातही उदबत्तीच्या आड दुसरा वास होता. कच्च्या तंबाखूचा.

मी यांना विचारलं, "तुम्ही सुरू केलीत की काय विडी?"

"या वयात? बाहेर डॉक्टर मारेल, घरात तू."

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. उलट छातीत धडधडत होतं ते आनंदानं. महिनाभर त्या बायांमध्ये राहून माझ्या कानानाकांत त्याच भरल्या आहेत, असं मी धरलं. मनापासून केलेल्या कामाची पावती! पुंजाराम सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "संशोधकाला असं होतंच, ताई." मला त्यांनी संशोधक म्हटलं. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

शेवटच्या गुरुवारचं बोलावणं करायला कुसाबाईकडे गेले, तर तिच्या दाराशी पिशव्या भरलेल्या. नातू तिला शहरात, गंगापूर रोडला आपल्याकडे घेऊन निघाला होता.

"म्या नाय येत," ती म्हणाली. तिनं कुंकवासाठी कपाळही पुढे केलं नाही. "तू कुनाकुनाला बोलावलंस, ठाव तरी हाय का तुला?"

४

सात जणींना बोलावलं होतं. कोपऱ्यावरची चंद्रभागाकाकू, तिच्या शेजारची फुलवाली सरुबाई, आमच्या दोन घरं अलीकडची मंदा, बाकी आळीतल्याच. सात फळं, सात पोथ्या, सात गजरे. चार वाजल्यापासून घर नुसतं गजबजून गेलं. सरुबाई शेवंतीची टोपलीच घेऊन आली. "घ्या, देवीला कमी नको पडायला," म्हणाली, आणि चंद्रभागाकाकू लगेच, "अगं, मग बाजारात आम्हाला का रडवतेस?" हसून हसून पुरेवाट. मी वही मधोमध ठेवली होती. एकेकीनं आपल्या आजीचं, आजेसासूचं नाव सांगितलं. चंद्रभागाकाकूला आजेसासूचं नाव आठवेना. "आम्ही तिला नुसतं मोठीआई म्हणायचो गं," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणूनच तर हे काम, मी म्हटलं, म्हणूनच!

सहाच्या सुमाराला सगळ्या पांगल्या. मी दुधाचे पेले विसळायला आत गेले. पाच मिनिटं झाली असतील. बाहेर शुभांगीचा आवाज आला, हळू, कुणाशी बोलताना असतो तसा. कुणी राहिलं असेल म्हणून मी आणखी एक पेला भरून बाहेर आले.

दारातून एक पाऊल बाहेर पडताना दिसलं. अनवाणी. टाच भेगाळलेली, बोटात जोडवं. उंबऱ्यावर ते जरा थांबलं, आणि गेलं. मी पेला ठेवून दारात आले. आळी सरळ आहे आमची, पार बाजारापर्यंत दिसते. कुणी नव्हतं.

शुभांगी पाटावर बसली होती, पदर पसरून.

"कोण गं होत्या?"

"तुम्हीच बोलावलेल्या ना? त्यांनी माझी ओटी भरली." ती खुशीत होती. "फार मायेच्या आहेत हो. हाताला तंबाखूचा वास येत होता तेवढा. मी तुमच्या वहीसाठी नाव विचारलं, तर म्हणाल्या, आधी जागा, मग नाव."

"आणि?"

"आणि म्हणाल्या, बाळंतपणाला आमच्याकडे ये. ओळीत एकीची जागा आहे."

तिनं चेहरा वर केला नव्हता. ती आपल्या पदराकडे बघत बोलत होती. मी तिथे वाकून पाहिलं. तांदूळ नव्हते, नारळ नव्हता. तेंदूची पानं होती, चौकोनी कापलेली, ओली.

५

रात्री यांनी ती पानं उलटीपालटी करून बघितली. "कुणीतरी चेष्टा केली. तुझं खूळ गावाला माहीत झालंय."

मलाही तेच हवं होतं. चेष्टाच. पण ओली पानं आणणार कुठून? आळीत विड्या बंद होऊन किती वर्षं झाली. मी ती पानं नदीला सोडायला हवी होती. सोडली नाहीत. माझ्यातली संशोधक आडवी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली, 'तेंदूची पानं, जुनी पद्धत', आणि प्रदर्शनाच्या खोक्यात ठेवली. आठ दिवसांनी पाहिलं, पानं तशीच ओली होती.

एक मात्र केलं. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आपल्याकडे, नववा लागला की न्यायचं ठरलं होतं. मी संतोषला म्हटलं, उद्याच गाडी काढ. शुभांगीला नामपूरला पोचव.

"आई, एवढी घाई?"

"तिच्या आईला आवडेल. आणि तिकडची हवा चांगली."

शुभांगी नाचतच गेली. निघताना मी तिची ओटी भरली, तांदळांनी, नारळानं, दोन्ही मुठी भरभरून. ती गेली आणि घरातला आवाज थांबला. चार वाजता मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसून राहिले. नुसतं घड्याळ. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

६

पाचव्या दिवशी, चारला, शुभांगीचा फोन.

"आई, त्या काकू आल्यात. सिन्नरच्या. एसटीनं आल्या म्हणतात. मला कुंकू लावू का, विचारतायत."

माझ्या हातात कणीक होती. "तुझी आई कुठे आहे?"

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "ताई, कोन शे काय माहीत! मना वळखनी नही. मान वरच करत नही बाई!"

"शुभांगी, ऐक. कपाळ पुढे करू नकोस. फोन त्यांच्याकडे दे."

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग कच्. अगदी कानाशी. मी वही आणि कुंकवाची डबी ओढून घेतली, पीठ लागलेल्या हातानंच.

"नमस्कार," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. "मी प्रतिभा. वही माझी आहे, बोलावणंही माझंच. पोरीला काही ठाऊक नाही, तिला सोडा. तुम्ही नाव सांगा, मी आत्ता लिहिते."

"लिही," ती म्हणाली. साधा, थकलेला आवाज. कुणाही शेजारणीचा असेल असा. तिनं नाव सांगितलं. मी पंधराव्या ओळीवर लिहिलं. तशातही, खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, मिळालं! पंधरा पूर्ण झाल्या!

"सोळा," ती म्हणाली. "लिही."

सहा वाजता कात्री थांबली तेव्हा वहीत एक्केचाळीस नावं झाली होती. मग शुभांगी फोनवर आली. "गेल्या हो त्या. चहासुद्धा घेतला नाही. तुम्ही दोघी इतका वेळ काय बोलत होतात?"

७

आता रोज चारला फोन वाजतो. शुभांगीचाच नंबर दिसतो. शुभांगी म्हणते, मी झोपलेली असते हो त्या वेळी.

पौषात प्रदर्शन झालं. काय गर्दी! एका भिंतीवर तो फोटो आणि दुसऱ्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत नावं, तीनशेच्या वर. पुंजाराम सरांनी देवीची लस टोचल्याची एक जुनी यादी शोधून काढली आणि ताडून पाहिली. एकही नाव चुकलेलं नव्हतं. "ताई, हे आणलंत कुठून?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. चंद्रभागाकाकूला तिची मोठीआई सापडली. तिचं खरं नाव मैना होतं. काकू भिंतीला हात लावून उभी राहिली, ढसाढसा रडली आणि माझ्या गळ्यात पडली. माझ्या आयुष्यात तेवढा मोठा दिवस आला नव्हता.

त्या दिवशी गडबडीत फोन घ्यायचा राहिला. संध्याकाळी शुभांगीचा फोन आला, हा मात्र तिचा. "आई, मी उठले तर कपाळाला कुंकू. घरात कुणी लावलं नाही म्हणतात. आणि बाळ दुपारपासून हललं नाही."

रात्रभर मी देवघरात बसले. पहाटे बाळ हललं. त्यानंतर मी एकदाही फोन चुकवला नाही.

माघ लागला आणि नावं ओळखीची येऊ लागली. आधी वाटलं, एकाच नावाच्या दोन असतात. पण ती नवऱ्याचं नाव सांगते, घर सांगते. परवाच्या मंगळवारी तिनं चंद्रभागाकाकूचं नाव सांगितलं. "अहो, त्या आहेत," मी म्हटलं. "सकाळी भेटल्या मला." पलीकडे नुसती कात्री थांबली. शुभांगीचा श्वास ऐकू येत होता, झोपेतला. मी लिहिलं. कुंकू लावलं.

बुधवारी दळण आणायला निघाले. काकू आपल्या पायरीवर बसली होती. "काय काकू, ऊन खाताय?" मान खाली, इतकी खाली की नुसता भांग दिसत होता. मांडीवर सूप होतं, रिकामं. हात चालले होते. आज तिच्या शेजारी, तशाच, सरुबाई बसली आहे. दोघींच्या मध्ये जराही अंतर नाही. तिची फुलांची टोपली आतच राहिली आहे, वास येतो. घरातल्यांनी डॉक्टर आणला. तो म्हणाला, थंडीनं होतं असं कधीकधी. यांनी मला विचारलं, "तुझ्या वहीत काय लिहितेस तू एवढं?" मी वही उशाखाली ठेवू लागले आहे.

शुभांगीची तारीख अकरा दिवसांवर आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं उत्तम आहे, बाळाचे ठोके घोड्यासारखे. मी देवीला सांगितलंय, एवढं एक पदरात पडू दे. आमच्या अलीकडे आता दोन घरं राहिली. दोन घरांत मिळून पाच बाया. मग आमचं.

पण मला एक गोष्ट कळली आहे, आणि ती कळल्यापासून जीव कसा उल्हासला आहे! लिहून पुरं होऊन त्याला कुंकू लागल्याशिवाय ती पुढचं नाव सांगत नाही. कितीही वेळ लागला तरी थांबून राहते. "लिही," म्हणते. मी म्हणते, "लिहितेच आहे बाई, हात दुखतोय." म्हणून मी अक्षर घोटून काढते, शाळेत काढत होते तसं. काल चार ते सहा, दोन तासांत एकच नाव झालं, सरुबाईचं.

आज तिनं मंदाचं नाव सांगितलं. मी 'म' काढला. अनुस्वार उद्या देईन.